सिग्नलला गाडी बंद होते, पण नक्की कोणासाठी?

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. बाबांना घेऊन डॉक्टरकडे चाललो होतो, पुण्यात नळ स्टॉपला सिग्नल लागला, मी न्यूट्रल टाकून क्लच सोडला आणि इंजिन गप. बाबा दचकले, म्हणाले, बंद पडली का रे? म्हणलं, नाही हो बाबा, ही आपोआप बंद होते सिग्नलला, पेट्रोल वाचतं. त्यावर ते म्हणाले, आम्ही चेतक होती तेव्हा हेच हाताने करायचो, तुझ्याकडून याचे किती पैसे जास्त घेतले? मी हसलो. तेवढ्यात, म्हणजे वीस-पंचवीस सेकंदांत, गाडी स्वतःहून परत चालू झाली. सिग्नल लालच. बाबा म्हणाले, मग आता का चालू झाली?

त्यांच्या या दोन प्रश्नांवरच हा लेख आहे, कारण तिथे मला धड उत्तर देता आलं नाही आणि नंतर जितकं खणत गेलो तितकं वाटायला लागलं की या स्टॉप-स्टार्ट सिस्टिमबद्दल आपण जे भांडतो (इंजिन खराब होतं का, बॅटरी खाते का, वैताग आणते का) ते सगळं ठीक आहे, पण खरा मुद्दा भलतीकडेच आहे.

आधी ती काम कशी करते ते, कारण शोरूममध्ये हे कोणी सांगत नाही, तिथे फक्त "सर, अ‍ॅव्हरेज वाढतं" एवढंच. गाडी थांबली, मॅन्युअल असेल तर न्यूट्रल आणि क्लचवरचा पाय काढलेला, ऑटोमॅटिक असेल तर ब्रेक दाबून धरलेला, की इंजिनाचा कॉम्प्युटर इंधन तोडतो. पण तोडायच्या आधी तो एक लांबलचक यादी तपासतो. इंजिन पुरेसं तापलंय का, ड्रायव्हरचा पट्टा लावलाय का, दार बंद आहे का, बॉनेट बंद आहे का, ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम शिल्लक आहे का, एसीला जेवढं गार करायला सांगितलंय तेवढं झालंय का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बॅटरीत पुन्हा सेल्फ मारण्याइतका जीव आहे का. त्यासाठी बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा सेन्सर बसवलेला असतो, तो सतत करंट, व्होल्टेज, तापमान बघत बसतो. यातलं एक जरी नाही म्हणलं तरी इंजिन चालूच राहतं. आणि बंद असताना मधेच एखादी गोष्ट बिघडली, उदाहरणार्थ केबिन तापली किंवा तुम्ही ब्रेक दोन-तीनदा पंप केलात, तर सिग्नलची वाट न बघता ते परत चालू होतं.

तर बाबांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे. एसी. बहुतेक पेट्रोल-डिझेल गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो, इंजिन थांबलं की कॉम्प्रेसर थांबला, मग पंखा नुसती उरलेली गार हवा फेकत राहतो, आणि बाहेर चाळीस डिग्री असताना ती उरलेली हवा किती वेळ पुरणार? पावसाळ्यातही तेच, काचेवर वाफ धरली म्हणून तुम्ही काचेवर एसी सोडलेला असतो, तेव्हा बऱ्याच गाड्यांत इंजिन बंद होतच नाही. म्हणजे आपल्याकडे वर्षातले सात-आठ महिने ही सिस्टिम अर्धवट नोकरी करते.

आता इंजिन खराब होतं या भीतीबद्दल पटकन सांगतो आणि पुढे जातो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं तेवढं काही होत नाही. इंजिनाची खरी झीज होते ती सकाळच्या गार स्टार्टला, तेल खाली उतरलेलं असतं तेव्हा. तापलेलं इंजिन तीस सेकंद थांबून परत फिरलं तर बेअरिंगवर तेलाचा थर असतोच, शिवाय या गाड्यांत बेअरिंगचं कोटिंगही वेगळं असतं आणि सेल्फची मोटर साध्या गाडीच्या मोटरपेक्षा कित्येक पट जास्त वेळा फिरायला बनवलेली असते. "चालू करताना जास्त पेट्रोल जातं" हेही कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं. अमेरिकेच्या आरगॉन नॅशनल लॅबोरेटरीने मोजून सांगितलंय की दहा सेकंदांच्या वर थांबायचं असेल तर बंद केलेलीच परवडते. (आणि हो, बाबांची पिढी उतारावर न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवायची, तेही आता करू नका, आजच्या इंजेक्शनच्या गाड्या उतारावर गिअरमध्ये असताना आणि पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला असताना इंधन स्वतःच तोडतात, न्यूट्रलमध्ये उलट आयडलिंगला, म्हणजे इंजिन नुसतं फिरतं ठेवायला, पेट्रोल जातं, आणि घाटात ब्रेकची वाट लागते ती वेगळीच.)

कल्पना काही नवीन नाही. टोयोटाने १९७४ मध्ये क्राऊन गाडीत हे करून बघितलं, ते तेलाच्या पहिल्या संकटानंतरचे दिवस होते. मग ऐंशीच्या दशकात फियाटने, नव्वदच्या दशकात फोक्सवॅगनने गोल्फमध्ये, पण लोकांनी फारसं मनावर घेतलं नाही. साधारण २००७ नंतर युरोपात एकदम सगळ्यांनाच या सिस्टिमचं प्रेम का वाटायला लागलं? पेट्रोल तर आधीपण महाग होतं की. बदललं होतं ते एवढंच, की कंपनीच्या सगळ्या गाड्यांचा सरासरी कार्बन डायऑक्साईड किती, यावर कायदा येऊ घातला होता आणि तो मोजायचा होता एका ठरलेल्या चाचणीवर.

ही चाचणी नीट बघण्यासारखी आहे. आपल्याकडे ती होते त्यातली एक जागा म्हणजे कोथरूडला टेकडीवरची एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था, ज्या टेकडीवर आम्ही पुणेकर सकाळी फिरायला जातो आणि तिच्या आत काय चालतं याचा विचार करत नाही. गाडी रोलरवर उभी करतात आणि एक ठरलेला वेगाचा आलेख पाळत चालवतात. शहराचा भाग १९५ सेकंदांचा, तो चार वेळा, मग थोडा हायवे, तोही आपल्याकडे ताशी ९० च्या वर नाही. ११८० सेकंदांतला जवळपास पाव वेळ गाडी नुसती उभी. आणि एसी बंद! म्हणजे बघा, एसीची कटकट नाही, बॅटरी भरलेली, मधे कोणी रिक्षा घुसत नाही, ठरल्या वेळी थांबायचं, ठरल्या वेळी निघायचं. स्टॉप-स्टार्टसाठी यापेक्षा चांगली परीक्षा कोणी काढूच शकत नाही, हा पेपर म्हणजे गाईडमधला पेपर जसाच्या तसा आला. त्यात आपल्याकडे २०१७-१८ पासून कंपन्यांना सरासरी कार्बनची मर्यादा आहे, आणि त्या नियमांत ही सिस्टिम बसवली तर हिशेबात थोडी सूटही मिळते.

मी कंपन्यांना चोर म्हणत नाहीये. नियम जिथे मार्क देतो तिथे अभ्यास होणारच. पण मार्क चाचणीतल्या गाडीला मिळतात आणि घाम येतो नळ स्टॉपवरच्या गाडीत बसलेल्याला, या दोघांमधलं अंतर कोणी मोजायचं?

बटणाचंच घ्या. अशा बहुतेक गाड्यांत एक बटण असतं, A आणि त्याभोवती गोल बाण. दाबलं की सिस्टिम बंद. पण चावी फिरवून परत चालू केली की बटण सगळं विसरतं, सिस्टिम परत चालू. मी चार वर्षं जवळजवळ रोज सकाळी सोसायटीच्या गेटच्या बाहेर पडायच्या आत ते बटण दाबतोय, पट्टा लावल्यासारखी सवय झालीय. सर्व्हिसला गाडी दिली तेव्हा तक्रारीत लिहिलं, बटण लक्षात राहत नाही, तर तिथला मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, तो फॉल्ट नाही, फीचर आहे." आणि तो खरंच बरोबर होता! युरोपात कारण सरळ आहे, ज्या अवस्थेत गाडीची चाचणी झाली त्याच अवस्थेत ती दर वेळी चालू झाली पाहिजे, बटणाने तुमची निवड लक्षात ठेवली तर चाचणीतला फायदा कंपनीला धरता येत नाही. म्हणजे गाडीचे पैसे मी भरले, पण बटण कोणाचं ऐकतं तर आकड्यांचं. आता बाजारात बटणाची निवड लक्षात ठेवणारी छोटी मेमरी किट मिळतात, लोक वॉरंटी धोक्यात घालून ती लावतात, इतका वैताग एका बटणाने आणलाय.

गंमत म्हणजे हाच प्रश्न स्कूटरवाल्यांनी कधीच सोडवलाय. २०१९ मध्ये नवी अ‍ॅक्टिव्हा १२५ आली, तिच्यात आयडल स्टॉपचं बटण सरकवायचं आहे. सरकवलं की तिथेच राहतं, आज पण, उद्या पण. सेल्फचा कर्र आवाजही नाही, जो जनरेटर चार्जिंग करतो तोच इंजिन फिरवतो, त्यामुळे थ्रॉटल दिला की गुपचूप चालू. एसी नाही, म्हणून मधेच जाग येत नाही. त्याच्याही आधी, २०१४ ला हीरोने स्प्लेंडरमध्ये आणलं, न्यूट्रलला काही सेकंद थांबलं की बंद, क्लच दाबला की चालू. आमच्या ऑफिसातल्या शिपायाकडे ती आहे, त्याला विचारलं, बटण बंद ठेवता का? तर म्हणाला, कशाला, चांगलं आहे की. कारमध्ये मला असं म्हणणारा माणूस अजून भेटायचाय.

आता पैशाचं बोलू, कारण शेवटी आपण सगळे तिथेच येतो. माझी १.२ लिटरची पेट्रोल गाडी, एसी लावून उभी असेल तर तासाला साधारण पाऊण लिटर पेट्रोल पिते. रोज जाऊन-येऊन सिग्नलला वीस मिनिटं धरा, पाव लिटर. महिन्याचे पंचवीस दिवस, सव्वासहा लिटर, लिटरला १०५ रुपये धरले तर साडेसहाशे, वर्षाचे सात हजार आठशे. ऐकायला भारी! पण हे इंजिन त्या वीस मिनिटांत पूर्ण वेळ बंद राहिलं तर. माझ्या गाडीच्या स्क्रीनवर किती वेळ बंद होतं ते दिसतं, ते मी हट्टाने काही दिवस बटण न दाबता लिहून ठेवलं, डिसेंबरात बारा मिनिटांपर्यंत गेलं, एप्रिल-मे मध्ये तीन-चार. वर्षाचा मेळ घातला तर एक तृतीयांश. म्हणजे वाचले दोन हजार सहाशे.

आणि बॅटरी? या गाड्यांना साधी बॅटरी चालत नाही, सतत अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहून साधीच्या प्लेटा सल्फेट धरून मरतात, म्हणून ईएफबी नाहीतर एजीएम लागते, प्लेटांवर जाळी किंवा काचतंतूची चटई असलेली. माझी मरायच्या तीन महिने आधी स्टॉप-स्टार्टने काम करणं सोडलं होतं, बटण न दाबताही इंजिन चालूच, मी खुश, म्हणलं बरी झाली ब्याद गेली. ती बॅटरीची पहिली हाक असते हे मला कोणी सांगितलं नव्हतं. एका सकाळी पार्किंगमध्ये टक् टक् टक्, बस. बॅटरीवाला आला, बॉनेट उघडलं, बघून म्हणाला, "साहेब, साधी टाकू का? पाच हजारात काम होईल, तुमची ती सिस्टिम आपोआप गप बसेल." मी विचारलं, आणि माझ्या गाडीची असेल तीच टाकली तर? म्हणाला, साडेआठ हजार. तीन वर्षं आणि दोन महिने चालली होती. साध्या गाडीत साधी चार-साडेचार वर्षं सहज जायची. वर्षाला भागिलं तर फरक पंधराशे रुपयांच्या आसपास. वाचले सव्वीसशे, गेले पंधराशे, उरले अकराशे, महिन्याला नव्वद रुपये. आमच्याकडे त्यात एक मिसळ धड येत नाही.

इथे सिस्टिमवाले म्हणतील की बघ, फायदाच झाला ना. झाला. मी नाही म्हणत नाही. उलट मला वाटतं हा सगळा हिशेबच चुकीच्या खिशाचा आहे. सिग्नलला इंजिन बंद झालं की खरा फायदा गाडीतल्या माणसाचा होत नाहीच, तो होतो चौकात दिवसभर उभ्या असलेल्या ट्रॅफिक पोलिसाचा, गजरे विकणाऱ्या बाईचा, काचा पुसायला येणाऱ्या पोरांचा, दुचाकीवर आपल्या सायलेन्सरच्या बरोबर मागे नाक करून बसलेल्यांचा. शंभर गाड्या दीड मिनिट बंद राहिल्या तर त्या चौकातली हवा बदलते, माझ्या खिशातले नव्वद रुपये बदलो न बदलो. म्हणून "मला काय फायदा" यावर ही सिस्टिम विकणं हीच पहिली चूक. अमेरिकेत तेच झालं, तिथे सक्ती कधीच नव्हती, कंपन्यांना हिशेबात क्रेडिट मिळायचं, लोकांना मात्र नुसता धक्का मिळायचा, आणि मे २०२५ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याचे प्रमुख ली झेल्डिन यांनीच उघड सांगितलं की ही सगळ्यांना नकोशी आहे, आम्ही बघतो हिच्याकडे. मला त्यांचं राजकारण पटत नाही, पण लोकांचा राग त्यांनी बरोबर हेरला. ज्याचा फायदा सार्वजनिक आहे ते खाजगी फायदा म्हणून गळ्यात मारलं की लोक बटण शोधतात.

जर्मनीत बघा, विनाकारण इंजिन चालू ठेवायचं नाही हे रस्त्याच्या नियमांतच आहे. तिथे गाडीतली सिस्टिम ही नियम पाळायला मदत करते. आपल्याकडे दिल्लीने ऑक्टोबर २०२० मध्ये "रेड लाइट ऑन, गाडी ऑफ" मोहीम काढली, स्वयंसेवक फलक घेऊन चौकात उभे राहिले, टिंगल झाली, पण मला ती मोहीम गाडीतल्या कॉम्प्युटरपेक्षा शहाणी वाटते. का, ते सांगतो.

गाडीला एक गोष्ट अजिबात माहीत नसते, की हा सिग्नल किती वेळाचा आहे. सात सेकंद उरलेत की सत्त्याण्णव, तिच्या लेखी सारखंच. म्हणून ती सात सेकंदांसाठीपण बंद होते (तोटा), आणि ट्रॅफिकमध्ये दोन-दोन फूट सरकताना बंद-चालू करून जीव नकोसा करते (वैताग), आणि खरोखर दीड मिनिट थांबायचं असतं तेव्हा एसीपायी विसाव्या सेकंदाला उठून बसते. ज्याला हे माहीत असतं तो माझ्या शेजारी उभा असतो, रिक्षावाला. विद्यापीठाकडे जाताना रोज बघतो. सिग्नल लागला, काका मान वर करून आकडा बघतात, ऐंशीच्या वर असला की चावी फिरवून बंद, मग पुडी काढतात, फोन बघतात, आकडा पाचवर आला की चालू. दहा-बारा असला तर हात लावत नाहीत. सेन्सर नाही, ईएफबी बॅटरी नाही, कार्बनचं क्रेडिट नाही. सीएनजी स्वतःच्या पैशाची आहे आणि आकडा समोर दिसतोय, बास. एकदा विचारलं, काका, एवढं बंद-चालू करून सेल्फ जात नाही का? म्हणाले, "सेल्फ गेला तर चारशेत भरून मिळतो, गॅस कोण भरून देणार?"

आणि जिथे आकडा लागत नाही किंवा कित्येक महिने ८८ वर अडकलेला आहे तिथे काकासुद्धा इंजिन चालूच ठेवतात. म्हणजे स्टॉप-स्टार्टचा सगळ्यात महत्त्वाचा पार्ट गाडीत बसवायचाच नाहीये, तो खांबावर बसवायचाय. तो महापालिकेचा, वाहतूक शाखेचा. पण त्यांना एक आकडा दुरुस्त केल्याचे कोणी मार्क देत नाही, कंपनीला मात्र प्रत्येक गाडीमागे मिळतात.

शिवाय आयडलिंग काही फक्त सिग्नलला होत नाही. संध्याकाळी सातला कुठल्याही क्लासबाहेर जाऊन बघा, रांगेने गाड्या, आत आई नाहीतर बाबा, एसी फुल, काचा वर, मोबाईलवर, वीस-वीस मिनिटं, पंचवीस मिनिटं. तिथे स्टॉप-स्टार्ट काय करते? काही नाही. ऑटोमॅटिकमध्ये पार्किंगला टाकली की काही गाड्यांत इंजिन चालूच राहतं, आणि एसी तर असतोच. एका सिग्नलच्या दहापट पेट्रोल तिथे जातं, आणि धूर जातो तो क्लासच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या आपल्याच पोरांच्या नाकात. मीपण बसलोय असा, नाही असं नाही.

म्हणून मला काय हवंय ते सरळ लिहितो. ही सिस्टिम काढून टाका असं मी म्हणणार नाही. चाचणी एसी चालू ठेवून घ्या, मग कळेल कोणाची सिस्टिम आपल्या हवेत किती टिकते, आणि ज्यांचा एसी बॅटरीवर चालतो (पूर्ण हायब्रिड गाड्यांत असतो तसा) त्यांना त्याचे हक्काचे मार्क मिळू देत. बटण माझं ऐकेल असं करा, अ‍ॅक्टिव्हासारखं, आणि त्यामुळे कंपनीचा एखादा ग्रॅम वाढला तर वाढू दे, तो ग्रॅम खराच होता, आत्तापर्यंत कागदावर लपला होता. शोरूममध्ये बॅटरीचा भाव अ‍ॅव्हरेजच्या शेजारी लिहा. उभ्या गाडीत एसी लावून बसण्यावर निदान शाळा-क्लास-हॉस्पिटलबाहेर तरी नियम करा, दंड नंतर, आधी फलक. आणि सिग्नलचे आकडे चालू करा हो, एवढं तरी.

ईएफबीच टाकली मी शेवटी, साडेआठ हजारांची. बॅटरीवाला म्हणाला, तुमची मर्जी. डिसेंबरात बटण दाबत नाही, मे मध्ये दाबतो, मधल्या महिन्यांत आकडा बघून ठरवतो, जिथे आकडा आहे तिथे. चार वर्षांत त्या बटणावरचा A पुसत आलाय, फक्त गोल बाण राहिलाय.